‘११’ आधी की ‘१-१’ आधी

आमच्या कारखान्यातील सर्व्हरची खोली रंगखात्याच्या भिंतीला लागून आहे. पलीकडे सूत रंगवण्याची यंत्रे आणि वाफेच्या नळ्या, अलीकडे सहा सर्व्हर, आणि मध्ये फक्त एक विटांची भिंत. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या या कारखान्याची संगणकव्यवस्था मी २०१६ पासून सांभाळतो. वेगवेगळ्या वयाची यंत्रे आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या प्रणाली एकाच क्लस्टरमध्ये, म्हणजे मिळून काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात, चालवताना २०२३ ते २०२५ या काळात मी ज्या अनुभवातून गेलो, तो तपशिलांसह लिहून ठेवावा असे बरेच दिवस मनात होते, कारण अशा कारखान्यांत हे काम करणारा माणूस बहुधा एकटाच असतो आणि त्याला विचारायला शेजारी कोणी नसते.

सहा सर्व्हर एकदम आलेले नाहीत. कारखान्यात माग जसे ऑर्डरी वाढतील तसे दोन-दोन, चार-चार घेतले जातात, तसेच सर्व्हरही घेतले गेले. पहिली जोडी २०१३ च्या पिढीची, झिऑन ई५-२६२० व्ही२ प्रोसेसरची, म्हणजे इंटेलच्या आयव्ही ब्रिज घराण्यातली. दुसरी जोडी २०१७ साली घेतलेली, त्याच क्रमांकाच्या व्ही४ प्रोसेसरची, म्हणजे ब्रॉडवेल घराण्यातली. तिसरी जोडी २०२१ मध्ये आलेली झिऑन सिल्व्हर ४२१० ची. तिन्ही जोड्यांवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली होती, त्यावर केव्हीएम, आणि त्याच्या आधारे वीस-बावीस आभासी यंत्रे, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालत: सुताचा साठा, रंगाचे लॉट, मागांचे उत्पादन, पॅकिंग, हजेरी आणि निर्यातीची कागदपत्रे. सामायिक साठवण एका वेगळ्या डब्यात होती, त्यामुळे कोणतेही आभासी यंत्र चालू असतानाच कोणत्याही सर्व्हरवर हलवता येते, असे मी मालकांना सांगितले होते आणि मलाही तसेच वाटत होते. प्रत्यक्षात मी यंत्रे हलवत असे ती जोडीतल्या जोडीतच. जोडी ओलांडून हलवण्याची वेळ कधी आली नव्हती आणि वेळ आली नाही म्हणून मी ते कधी तपासलेही नव्हते.

ती वेळ मे २०२३ मध्ये आली. सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या वर असतो हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. दुपारी खोलीच्या वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि भिंतीपलीकडची वाफ व बाहेरचे ऊन यांच्यामध्ये ती खोली तापू लागली. उष्णता कमी करण्यासाठी २०१७ च्या जोडीतला एक सर्व्हर रिकामा करून बंद करायचे मी ठरवले. नवी जोडी भरलेली होती, म्हणून त्यावरची चार आभासी यंत्रे २०१३ च्या सर्व्हरवर हलवली. चारही स्थलांतरे शंभर टक्के पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले, कुठेही त्रुटी आली नाही. त्यानंतर काही मिनिटांतच रंगलॉटची सेवा मरून पडली. नोंदींमध्ये एकच वाक्य होते: इल्लीगल इन्स्ट्रक्शन. ती सेवा मी पुन्हा सुरू केली आणि ती व्यवस्थित चालू लागली. मग हजेरीची सेवा त्याच कारणाने मेली. तीही पुन्हा सुरू केल्यावर नीट चालली. एखादी गोष्ट पुन्हा सुरू केल्याने बरी होते तेव्हा माणूस कारण शोधायचे सोडून देतो. त्या दिवशी उकाड्यात मीही तेच करणार होतो. पण तिसरी सेवा पडली तेव्हा थांबलो.

कारण असे निघाले. आमच्या आभासी यंत्रांना ‘होस्ट पासथ्रू’ हा प्रकार दिलेला होता, म्हणजे खालच्या सर्व्हरचा प्रोसेसर जसा आहे तसाच आतल्या प्रणालीला दिसतो. व्ही४ प्रोसेसरला एव्हीएक्स-२ नावाचा आज्ञासंच येतो. तो २०१३ मध्ये हॅसवेल पिढीपासून इंटेलने आणला. व्ही२ प्रोसेसरला तो येत नाही. प्रोग्राम सुरू होताना त्याची सी लायब्ररी प्रोसेसरला ‘तुला काय काय येते?’ असे विचारते, आणि स्मृतीतला मजकूर इकडून तिकडे हलवण्यासारख्या रोजच्या कामांसाठी त्यातल्या त्यात वेगवान मार्ग निवडून ठेवते. ही निवड एकदाच होते. आमच्या सेवांनी ती व्ही४ वर केली होती आणि स्थलांतरानंतर त्या तोच मार्ग व्ही२ वर चालू पाहत होत्या, जिथे तो मार्गच नव्हता. पुन्हा सुरू केलेली सेवा नव्याने विचारत असे, तिला नवे उत्तर मिळत असे आणि म्हणून ती चालत असे. स्थलांतर यशस्वी झाले, असे साधन सांगत होते त्याचा अर्थ स्मृतीची प्रत पोहोचली एवढाच होता.

उपाय पुस्तकात लिहिलेला आहे: सगळ्या सर्व्हरना येते तेवढेच आभासी यंत्रांना दाखवायचे. आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या लिब्व्हर्ट या साधनात त्यासाठी सोय आहे. सर्व होस्टची, म्हणजे खालच्या सर्व्हरची, क्षमता गोळा करून तिला दिली की ती सर्वांचा सामाईक प्रोसेसर काढून देते. मी ते केले तेव्हा मला आयव्ही ब्रिजपेक्षाही कमी असे उत्तर मिळाले. शोधता शोधता लक्षात आले की २०१३ चे दोन सर्व्हर एकाच बांधणीचे, एकाच दिवशी आलेले असूनही त्यांच्या क्षमता वेगळ्या होत्या. एकाचा मदरबोर्ड मध्यंतरी दुरुस्तीत बदलला गेला होता आणि त्यावर जुने बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, होते. २०१८ च्या स्पेक्टर आणि २०१९ च्या एमडीएस या प्रोसेसरमधील दोषांनंतर जे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या, आले, त्यांतून प्रोसेसरला काही नवी संरक्षक चिन्हे (फ्लॅग) मिळाली. ती एका सर्व्हरवर होती आणि दुसऱ्यावर नव्हती. तोवर माझ्या वहीत त्या दोघांसमोर एकच ओळ लिहिलेली असे. त्या दिवसापासून प्रत्येक यंत्रापुढे बायोसची आवृत्ती, मायक्रोकोड आणि प्रोसेसरच्या चिन्हांची पूर्ण यादी वेगवेगळी लिहायला सुरुवात केली.

बायोस सारखे केले, सर्व आभासी यंत्रांना आयव्ही ब्रिजचा नमुना आणि त्यावर संरक्षक चिन्हे नावाने दिली. येथे एक बारकावा सांगायला हवा: आतली प्रणाली नुसती रीबूट करून हा बदल लागू होत नाही, आभासी यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे लागते. मी पहिल्या दिवशी रीबूटवर समाधान मानले आणि दुसऱ्या दिवशी तपासले तेव्हा निम्म्या यंत्रांना अजून जुनाच प्रोसेसर दिसत होता. जेकार्डच्या डिझाइनचे चित्र तयार करणारे यंत्र मात्र या खालच्या पातळीवर जाणवण्याइतके मंदावले, म्हणून त्याला सामाईक पातळीवर न आणता नव्या जोडीवरच बांधून ठेवले आणि ते इतरत्र हलवायचे नाही अशी नोंद केली. सगळ्यांना एकाच मापाने मोजण्यापेक्षा कोण कुठे जाऊ शकते हे स्पष्ट लिहिलेले असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

यंत्रांचा भेद असा निस्तरला, तोवर प्रणालीचा प्रश्न उभा राहिला. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपणार हे ठाऊक होते. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ चे आयुष्य २०२१ अखेरपर्यंतच असल्याचे जाहीर झाले तेव्हापासून ७ वरून ८ वर जाण्याचा सरळ रस्ता बंद झालेला होता. आम्ही सेंटओएसप्रमाणेच रेड हॅटच्या लिनक्सवर आधारलेले आल्मालिनक्स ९ निवडले. ९ च्या पिढीला प्रोसेसर किमान एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा लागतो (ही क्षमतेची पातळी आहे, प्रोसेसरच्या नावातल्या व्ही२ शी तिचा संबंध नाही) आणि आयव्ही ब्रिज त्या पातळीत बसतो. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅटच्या १० व्या आवृत्तीला व्ही३ पातळी, म्हणजे एव्हीएक्स-२ सह हॅसवेल किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तिथे आमच्या जुन्या जोडीला प्रवेश नसता. जुन्या जोडीच्या रेड कार्डाने, म्हणजे डिस्क जोडणाऱ्या नियंत्रकाने, वेगळी अडचण आणली. रेड हॅटने ८ व्या आवृत्तीपासून अनेक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले आहेत, त्यामुळे सुरुवातीला घेतलेल्या माध्यमाने डिस्कच दाखवली नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या आल्मालिनक्स ९.४ ने त्यांतल्या बऱ्याच कार्डांचा आधार परत आणला आणि आमची डिस्क त्यावर दिसली.

एक-एक सर्व्हर बाहेर काढावा, नवी प्रणाली टाकावी आणि त्याच क्लस्टरमध्ये परत जोडावा, असा माझा मूळ बेत होता. तो बेत वाचनाच्या पातळीवरच मोडला, हे चांगले झाले. सर्व्हरना क्लस्टरमध्ये बांधणारे सेंटओएस ७ मधले कोरोसिंक दुसऱ्या पिढीचे, आल्मालिनक्स ९ मधले तिसऱ्या. दोघांची आपसातली बोली वेगळी, त्यामुळे जुने आणि नवे सर्व्हर एका क्लस्टरचे सदस्य होऊच शकत नाहीत. म्हणून शेजारी दुसरा क्लस्टर उभा केला: जुलै २०२४ मध्ये नवी जोडी आल्मालिनक्सवर नेली, बाकीचे चार सेंटओएसवर राहिले, आणि आभासी यंत्रे एकेक करून बंद करायची व पलीकडे चालू करायची असे ठरले. या काळात माझ्या रॅकमध्ये तीन पिढ्यांचे प्रोसेसर, दोन पिढ्यांच्या प्रणाली आणि दोन क्लस्टर होते.

ज्या अडचणींनी स्वतःहून तोंड उघडले त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण त्या वेळखाऊ असल्या तरी प्रामाणिक होत्या. आल्मालिनक्स ९ चे पहिले आभासी यंत्र मी जुन्या साच्यावरून बनवले. त्या साच्यात आभासी यंत्र उभे करणाऱ्या क्यूएमूचा मूळचा प्रोसेसर होता आणि तो व्ही२ पातळीचाही नसल्याने प्रणालीने पहिल्याच पायरीवर प्रोसेसर चालणार नाही असे सांगून उठायला नकार दिला. नव्या बाजूवरून जुन्या सर्व्हरच्या व्यवस्थापन नियंत्रकांशी बोलताना नव्या आयपीएमआय साधनाने (त्याने सर्व्हर दुरून चालू-बंद करता येतो) सायफर संच, म्हणजे गुप्त संवादाची पद्धत, १७ धरला, तर जुने नियंत्रक ३ च जाणत होते, त्यामुळे बिघडलेल्या सर्व्हरची वीज तोडण्याची चाचणी फसत होती. संच हाताने सांगावा लागला. अनेक सर्व्हरवर एकदम काम करून घेणाऱ्या ॲन्सिबलच्या २.१७ आवृत्तीने सेंटओएस ७ मधल्या पायथन २.७ चा आधार सोडला आहे, म्हणून सेंटओएस ७ चे शेवटचे यंत्र जाईपर्यंत मी २.१६ वरच थांबलो. जूनच्या शेवटानंतर सेंटओएसचे नेहमीचे मिरर पत्ते बंद झाले आणि जुन्या बाजूचे सगळे पॅकेज स्रोत व्हॉल्ट या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाकडे वळवावे लागले. हे सगळे दिसले, अडले, दुरुस्त झाले.

जे दिसले नाही त्याबद्दल आता लिहितो.

आमचा मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या १३ व्या आवृत्तीवर होता. नोंदी घेणारा प्रायमरी सेंटओएस ७ वर आणि त्याची जशीच्या तशी प्रत ठेवणारा स्टँडबाय दुसऱ्या सर्व्हरवर. तो हलवताना कारखाना थांबू नये म्हणून मी असा विचार केला: नव्या बाजूला आल्मालिनक्स ९ वर त्याच आवृत्तीचा पोस्टग्रेस उभा करावा, त्याला स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने, म्हणजे प्रायमरीवरचे बदल सतत पलीकडे पाठवण्याच्या सोयीने, स्टँडबाय म्हणून जोडावे, आणि एका रात्री त्यालाच प्रायमरी करावे. दोन्हीकडे पोस्टग्रेस १३, दोन्हीकडे तोच आज्ञासंच, तीच एन्कोडिंग. सप्टेंबरमध्ये स्टँडबाय जोडला गेला, अंतर शून्यावर आले, आणि पॅकिंगचे अहवाल मी त्या स्टँडबायवरून काढायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या सुटीत, त्याला प्रायमरी केले. सहा मिनिटे लागली. त्या सहा मिनिटांचा मला अभिमान वाटला होता, हे मी लपवत नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रंगखात्याचे मास्तर रंगवलेल्या सुताचे दोन कोन हातात घेऊन माझ्या खोलीत आले. दोन्ही गडद निळे, पण खिडकीपाशी धरल्यावर एक किंचित जांभळटाकडे झुकलेला दिसत होता.

“साहेब, ह्या बीमवर पट्टा पडलाय बगा. दोन शेड आहेत. आणि दोन्ही कोनांवर लॉट नंबर एकच हाय.”

“मास्तर, एकच नंबर सिस्टीम दोनदा घेतच नाही. लगेच नाकारते.”

“मग हे दोन कोन कुठनं आले?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. रंगवलेल्या सुताच्या व्यवसायात लॉट क्रमांकाला फार महत्त्व आहे, कारण एकाच रंगाचे दोन घाणे, म्हणजे एका वेळी रंगवलेले सुताचे गट, तंतोतंत एकसारखे निघत नाहीत, आणि एका ताण्यात दोन लॉटचे सूत मिसळले तर टॉवेलवर उभा पट्टा उमटतो. म्हणूनच लॉट क्रमांकाच्या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी क्रमवार सूची, होता. दोन पाळ्यांतल्या ऑपरेटरांनी चुकून एकच क्रमांक टाइप करणे हे महिन्यातून एक-दोनदा होतच असे, आणि प्रत्येक वेळी पडदा दुसऱ्याला अडवत असे. या वेळी त्याने अडवले नव्हते.

डेटाबेसला तो क्रमांक विचारला तर एकच ओळ आली. इंडेक्स न वापरता संपूर्ण तक्ता वाच, असे सांगून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर दोन ओळी आल्या. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. ज्या यंत्रणेवर अख्खा कारखाना विश्वास ठेवतो, तिने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली होती, आणि तिच्या नोंदींत त्रुटीचा एक शब्दही नव्हता.

त्या संध्याकाळी घरी न जाता मी शोधत बसलो आणि जे सापडले ते एका छोट्या प्रयोगात मावते. सेंटओएस ७ वर दोन ओळी सॉर्ट आज्ञेला द्या, एकीत ‘११’ आणि दुसरीत ‘१-१’. नेहमीच्या अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये, म्हणजे भाषेच्या मांडणीत, ती ‘११’ आधी ठेवते. आल्मालिनक्स ९ वर तेच करा. ‘१-१’ आधी येते. आमच्या मांडणीत शब्दांचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, तो प्रणालीच्या सी लायब्ररीला, म्हणजे जीलिबसीला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये क्रमाचे हे नियम मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहिले गेले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, आल्मालिनक्स ९ मध्ये २.३४. जुन्या नियमांत हायफन पहिल्या फेरीत धरलाच जात नसे. नव्या नियमांत तो धरला जातो.

आता आमचे लॉट क्रमांक पाहा. वर्ष, महिना, अनुक्रम आणि मध्ये हायफन. ‘२४-१-१२’ म्हणजे जानेवारीचा बारावा लॉट आणि ‘२४-११-२’ म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा. हायफन वगळले की दोन्ही ‘२४११२’. जुन्या बाजूला हे दोघे शेजारी बसत. नव्या बाजूच्या हिशेबाने त्यांच्यामध्ये फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंतचे नव्हे, पण जानेवारीचे क्रमाने त्यापुढचे लॉट आणि ऑक्टोबरचे सगळे लॉट यायला हवेत. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन डिस्कवरची पाने जशीच्या तशी नेते, त्यामुळे जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स नव्या क्रमाच्या घरात जाऊन बसला होता. नव्या प्रायमरीवर एखादा क्रमांक शोधायचा म्हटले की डेटाबेस प्रत्येक वळणावर नव्या नियमाने डावे-उजवे ठरवत खाली उतरे आणि चुकीच्या पानावर पोहोचे. तिथे तो क्रमांक नसे. मग तो अस्तित्वातच नाही, असे मानून नवी ओळ आत घेतली जाई. शब्दकोशातले शब्द एका वर्णक्रमाने लावलेले आणि शोधणारा दुसऱ्या वर्णक्रमाने शोधणारा, असे ते होते. आकडे आणि तारखा यांच्या इंडेक्सला काहीच झाले नव्हते, आणि म्हणूनच तीन आठवडे सर्व काही ठीक दिसत होते.

मागे वळून पाहताना एक गोष्ट मला जास्त लागली. ऑक्टोबरमध्ये, प्रायमरी बदलण्याच्याही आधी, पॅकिंगच्या एका अहवालात दोन लॉट आले नव्हते. तो अहवाल स्टँडबायवरून काढलेला होता. पॅकिंगच्या मुलाने नोंद करायला विसरला असेल असे मी मानले आणि त्याला तसे बोललोही. तो विसरलेला नव्हता. नंतर मी त्याच्याकडे जाऊन तसे सांगितले.

दुरुस्तीसाठी साप्ताहिक सुटीची रात्र घेतली. आधी संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप. मग पोस्टग्रेससोबत येणाऱ्या ॲमचेक या साधनाने मजकुरावरचे सगळे इंडेक्स तपासले. क्रम मोडलेले इंडेक्स त्याने नावानिशी दाखवले. त्यांची पुनर्बांधणी म्हणजे रीइंडेक्स ही एकच आज्ञा, पण युनिक इंडेक्स पुन्हा बांधला जाईना, कारण आत खरोखरच दुहेरी क्रमांक शिरलेले होते. इंडेक्स बाजूला ठेवून तक्ता वाचला तेव्हा असे सतरा लॉट निघाले. म्हणजे चौतीस घाणे, आणि त्यांपैकी कोणता कोन कोणत्या घाण्याचा हे डेटाबेस सांगू शकत नव्हता.

ते मास्तरांच्या वहीने सांगितले. संगणक आल्यानंतरही ते प्रत्येक घाण्याची नोंद हाताने ठेवत आले आहेत: तारीख, पाळी, यंत्र, रंगाचे वजन, तापमान, आणि शेवटी मराठी व तेलुगू अशा मिश्र अक्षरांत शेरा. त्या वहीची गरज नाही, असे मी त्यांना पूर्वी दोनदा सांगितले होते. पहाटे तीनपर्यंत ते माझ्या शेजारी बसून एकेक ओळ वाचत होते आणि मी प्रत्येक जोडीतल्या नंतरच्या घाण्याला वेगळा क्रमांक देत होतो. सकाळी गोदामातल्या कोनांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. सतरापैकी तीन लॉट तोवर मागावर चढलेले होते. तो माल मालकांनी वेगळा काढायला लावला.

पुनर्बांधणी पूर्ण होताच सेंटओएस ७ वरचा जुना स्टँडबाय मी काढून टाकला. हे विसरता कामा नये, कारण आता नव्या क्रमाने रचलेली पाने तिकडे जात होती आणि अडचणीच्या वेळी त्यालाच प्रायमरी केले असते तर हाच दोष उलट्या दिशेने झाला असता. नवा स्टँडबाय आल्मालिनक्स ९ वर बांधला. वेगवेगळ्या जीलिबसीच्या यंत्रांमध्ये पानांची प्रत नेणारे रेप्लिकेशन मी पुन्हा कधीही जोडणार नाही.

हिशेबखात्याचा डेटाबेस अजून जुन्या बाजूला होता. तो जानेवारी २०२५ मध्ये, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हलवला. त्या दिवसांत कारखान्यात निम्मे माग बंद असतात, लोक नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आणि अक्षता सोहळ्याला गेलेले असतात. या वेळी लॉजिकल रेप्लिकेशन वापरले. त्यात पाने नेली जात नाहीत, ओळी नेल्या जातात आणि पलीकडचा डेटाबेस स्वतःच्या नियमांनी स्वतःचे इंडेक्स बांधतो, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रणाली आणि पोस्टग्रेसच्या आवृत्त्याही वेगळ्या असू शकतात. आम्ही १३ वरून थेट १६ वर गेलो. त्यालाही आपल्या अटी आहेत. प्राथमिक किल्ली नसलेल्या तक्त्यांतले बदल तो तसाच नेऊ शकत नाही, आमचे असे चार तक्ते निघाले. तक्त्यांच्या रचनेतले बदल त्याच्यातून जात नाहीत, म्हणून त्या आठवड्यात रचना गोठवून ठेवली. आणि क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सची सद्यस्थितीही त्यातून जात नाही. त्या हाताने पुढे सरकवल्या नसत्या तर पहिलेच बिल जुन्या क्रमांकावर आदळले असते. या तीन गोष्टी मी महिनाभर आधी चाचणी डेटाबेसवर करून पाहिल्या होत्या.

नव्या डेटाबेसमध्ये एक निर्णय मुद्दाम घेतला. लॉट, डिझाइन, पार्टी यांचे जे क्रमांक आहेत त्या रकान्यांना ‘सी’ कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) दिले, म्हणजे त्यांचा क्रम केवळ बाइटांच्या किमतीवर ठरतो आणि कोणत्याही लायब्ररीच्या मतावर अवलंबून राहत नाही. क्रमांक हा माणसाने वाचायचा शब्द नाही, त्याला भाषेचा वर्णक्रम लावण्यात काहीच मिळत नाही. कामगारांच्या आणि पुरवठादारांच्या मराठी नावांना मात्र तो लागतो. यादीत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर यायला हवा. त्यासाठी आयसीयू या भाषांचे नियम जाणणाऱ्या वेगळ्या लायब्ररीचे मराठी कोलेशन वापरले. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस आपल्या मूळ कोलेशनची आवृत्ती लिहून ठेवतो आणि ती जुळली नाही तर इशारा देतो. आमच्या १३ व्या आवृत्तीत मूळ कोलेशनसाठी ही सोय नव्हती. तो इशारा आता मी रोजच्या तपासणीत मुद्दाम शोधतो.

मार्च २०२५ मध्ये सेंटओएस ७ चा शेवटचा सर्व्हर बंद केला. सहाही सर्व्हर आता आल्मालिनक्स ९ वर, एकाच क्लस्टरमध्ये आहेत. प्रोसेसर अजून तीन पिढ्यांचेच आहेत आणि २०१३ ची जोडी हजेरी, चाचणी व बॅकअपचे काम करते. आल्मालिनक्स ९ ला सुरक्षा दुरुस्त्या २०३२ पर्यंत मिळणार आहेत, म्हणून ती जोडी लगेच काढण्याचा आग्रह मी धरलेला नाही, पण डेटाबेस तिच्यावर जाणार नाही असा नियम क्लस्टरमध्येच लिहून ठेवला आहे. दर शनिवारी एक छोटी स्क्रिप्ट सर्व सर्व्हरवरून प्रोसेसरची चिन्हे, मायक्रोकोड, कर्नल, जीलिबसी आणि क्यूएमू यांच्या आवृत्त्या गोळा करते आणि मागच्या शनिवारशी ताडून पाहते. तिच्यात ‘११’ आणि ‘१-१’ चा तो प्रयोगही आहे.

मास्तरांची वही चालू आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती घेऊन ते माझ्याकडे येतात, मी डेटाबेसमधली त्या महिन्याची यादी इंडेक्स न वापरता काढतो आणि आम्ही दोघे एकेक क्रमांक मोठ्याने वाचून टिक करतो. गेल्या महिन्यात वहीत २१२ लॉट होते आणि यादीतही २१२.